समुद्राकडे जाणारी वाट बंद होण्याआधी

आमच्या गावात समुद्रावर उतरायला तीन वाटा होत्या. मधली सगळ्यात जुनी. दोन वाड्यांच्या मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, शेवटी केवड्याचं बन आणि मग एकदम मोकळी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पहाटे बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन याच वाटेने वर यायच्या. गणपती याच वाटेने विसर्जनाला जायचे. एका उन्हाळ्यात दोन्ही वाड्या एकाच पार्टीने घेतल्या. पावसाळ्याआधी वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभं राहिलं, पण कुलूप नव्हतं, म्हणून कोणी काही बोललं नाही. दिवाळीनंतर कुलूप आलं. आम्ही तहसीलदार कचेरीत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "वाट कागदावर आहे का?"

नव्हती. ती वाट परत मिळवायला चार वर्षं गेली.

त्या चार वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. ज्यांच्या गावात किंवा शहरात समुद्र, खाडी, नदी, तळं यांच्या काठची सार्वजनिक जागा हळूहळू खासगी होताना दिसते आहे आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट मनात पक्की धरा. भिंत शेवटी येते, कागद त्याच्या खूप आधी हलतो. कागदाच्या टप्प्यावर पकडलं तर काम एका अर्जात होतं, भिंतीच्या टप्प्यावर पकडलं तर वर्षं जातात.

पहिली पायरी: अमावास्या-पौर्णिमेला चालून या

नकाशा उघडण्याआधी जागा पायाखालून घाला, आणि ती उधाणाच्या भरतीला. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर येतं आणि ओहोटीला सर्वांत खाली जातं. दोन्ही वेळा जा. भरतीचं पाणी कुठवर पोचलं ते काडीकचरा, शिंपल्यांचा चुरा, प्लास्टिक यांच्या ओळीवरून कळतं. खाडीत असाल तर तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या, यांच्या जंगलालाच कांदळवन म्हणतात) बुंध्यावरचा चिखलाचा पट्टा पाहा. कायद्यातली भरतीरेषा नकाशावर ठरते, तुमच्या डोळ्यांनी नव्हे, हे खरं. पण गावकऱ्याला पाणी कुठवर येतं हे ठाऊक असलं की नकाशात चूक असेल तर ती लगेच लक्षात येते.

चालताना या गोष्टींकडे बघा: नवे सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण, दगडांची एका ओळीत मांडणी, डंपरच्या चाकांचे ताजे माग, तोडलेली किंवा पिवळी पडत चाललेली कांदळवनं, सपाट केलेल्या वाळूच्या टेकड्या. खाडीकाठी जमीन खाण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आधी एक लहानसा मातीचा बांध घालतात, त्यामुळे भरतीचं पाणी आत यायचं थांबतं. पाणी तुटलं की तिवर उभ्याउभ्या वाळतात. मग रात्री राडारोडा येऊन पडतो. वर्ष-दोन वर्षांनी कोणी विचारलं तर "इथे कुठे खारफुटी आहे?" असं म्हणायला जागा तयार. म्हणून कांदळवन तोडलेलं दिसण्याची वाट पाहू नका. पाणी अडवणारा तो पहिला बांध दिसला की त्याच दिवशी कामाला लागा.

दुसरी पायरी: जागा कोणाची आहे ते कागदावर शोधा

इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. या कलमानुसार समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ, नद्या, ओढे, नाले, तळी, तलाव, सार्वजनिक रस्ते आणि वाटा, तसंच दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत नसलेल्या सगळ्या जमिनी राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी पुळण कोणाच्याही सातबाऱ्यावर असण्याचं कारण नाही. "आमची हद्द पाण्यापर्यंत आहे" असं कोणी म्हणालं तर त्याला कागद मागा. जुन्या इनामांची, खोतीची, गोव्यात कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनींची) काही प्रकरणं गुंतागुंतीची असतात, तिथे हक्क शाबीत करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते.

हे कागद गोळा करा. संबंधित गटांचे सातबारा आणि आठ-अ, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. त्या गटांचे फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, यात खरेदी कधी झाली आणि क्षेत्र कधी बदललं ते दिसतं. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि त्या गटाचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीची नोंद. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना १-ई असतो. ही अतिक्रमणांची नोंदवही. आमच्या गावात या वहीबद्दल कोणी कधी विचारलंच नव्हतं. सरकारी जागेवरचं अतिक्रमण तिथे नोंदलं गेलं की ते नाकारता येत नाही, आणि नोंदलं नसेल तर तुमचा पहिला अर्ज हाच: जागेवर येऊन पंचनामा करा आणि १-ई मध्ये नोंद घ्या.

क्षेत्र नीट जुळवा. चाळीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर पंचावन्न गुंठ्यांचं कुंपण पडलेलं असेल तर उरलेले पंधरा गुंठे कुठून आले हे विचारायचं. सरकारी मोजणी मागवता येते. लगतच्या गटाचा मालक तयार असेल तर त्याच्या नावाने हद्द कायम करण्याची मोजणी मागवणं सोपं जातं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमीन खासगी आहे एवढ्यावरून तिथे बांधता येतं असं होत नाही. मालकी वेगळी, बांधण्याचा हक्क वेगळा. त्यासाठी पुढची पायरी.

तिसरी पायरी: सीआरझेडचा नकाशा वाचायला शिका

सागरी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड. पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, आताची १८ जानेवारी २०१९ ची. तिन्ही पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खाली निघाल्या. बांधकाम कोणत्या वर्षी झालं त्यावर कोणती अधिसूचना लागू ते ठरतं, म्हणून बांधकामाची तारीख शोधणं फार महत्त्वाचं.

वर्ग थोडक्यात असे. सीआरझेड-१अ म्हणजे कांदळवनं, वाळूच्या टेकड्या, चिखलाची मैदानं, कासवांच्या विणीच्या जागा, प्रवाळ. १ब म्हणजे भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा. सीआरझेड-२ म्हणजे आधीच विकसित झालेला शहरी भाग, तिथे पूर्वीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूलाच परवानगी मिळू शकते. सीआरझेड-३ म्हणजे ग्रामीण भाग. सीआरझेड-४ म्हणजे पाणी.

गावांसाठी तिसरा वर्ग सर्वांत महत्त्वाचा, आणि २०१९ मध्ये मोठा बदल तिथेच झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेली गावं ३अ मध्ये गेली. तिथे ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आलं. बाकीची ३ब मध्ये, तिथे २०० मीटर कायम. भरतीच्या खाड्यांच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. पण एक अट आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते: हे सवलतीचे आकडे २०१९ प्रमाणे केलेला किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात. म्हणून कोणी "आता पन्नासच मीटर आहे" म्हणालं तर दोन प्रश्न विचारा. गाव ३अ मध्ये आहे का? आणि कोणत्या तारखेच्या मंजूर आराखड्याच्या आधारावर बोलता?

नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या गावाचं पान उतरवून घ्या, मोठ्या कागदावर रंगीत छापून घ्या आणि चावडीवर लावा. मग वयस्कर मंडळींना बोलवा. मासळी सुकवायचे ओटे, वलांड्या (मासळी टांगून वाळवायच्या बांबूच्या मांडण्या), होड्या ओढायची जागा, जाळी विणायच्या शेड, जेटी, बर्फाचा कारखाना हे सगळं मच्छीमार गावांच्या आराखड्यात दाखवलेलं असलं पाहिजे. नकाशावर जे नाही त्याचं अस्तित्व उद्या कचेरीत नाकारलं जाईल. आमच्या नकाशावर बोंबील वाळवायची जागा रिकामी पडीक जमीन म्हणून दिसत होती. एका म्हाताऱ्या कोळणीने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे पडीक? इथे माझी सासू वाळवायची." हेच वाक्य आम्ही हरकतीत तिच्या नावासह आणि अंगठ्यासह लिहिलं.

खाडी आत किती लांबवर सीआरझेडमध्ये धरायची, यालाही मोजमाप आहे. सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजारी पाच भाग असेल तिथवर. पावसाळ्यात घेतलेला नमुना कोणी पुढे केला तर तो चालणार नाही.

चौथी पायरी: वाट वाचवा

पुळण सरकारी असली तरी तिथे पोचायची वाट खासगी वाड्यांतून जाते. वाट गेली की पुळण नावापुरती सार्वजनिक उरते. बहुतेक गावांचं भांडण खरं इथलं असतं.

गोव्यातल्या दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याचा निकाल वाचून ठेवण्यासारखा आहे. तिथे हॉटेलसाठी जमीन संपादित झाली होती आणि किनाऱ्यावर जायची वाट लोकांसाठी खुली ठेवायचं ठरलं होतं. पुढे बांधकामाने ती अडली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याचा पाया होता लोकन्यासाचं तत्त्व: किनारा, नदी, हवा ही साधनं सरकारकडे लोकांचे विश्वस्त म्हणून असतात, ती कोणा एकाच्या नफ्यासाठी देता येत नाहीत. हे तत्त्व भारतात ठळकपणे मांडलं गेलं ते हिमाचलमध्ये बियास नदीकाठच्या एका रिसॉर्टच्या खटल्यात, डिसेंबर १९९६ मध्ये. तुमच्या अर्जात या दोन निकालांचा उल्लेख एका ओळीत करा, त्याने अर्जाचं वजन वाढतं.

किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी सीआरझेडच्या परिशिष्टातच अटी आहेत. दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची. कुंपण घातलं तरी त्याने लोकांची ये-जा अडता कामा नये. वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत. या अटी मंजुरीपत्रात असतात, त्यामुळे मंजुरीपत्राची प्रत मिळवणं हे निम्मं काम.

गावच्या वाटेसाठी आणखी दोन मार्ग आहेत. महसूल संहितेच्या कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज नावाचं दप्तर असतं, त्यात खासगी जमिनीतल्या वहिवाटीच्या वाटा आणि मासेमारीचे हक्क यांची नोंद होते. आपल्या गावाचं दप्तर जिल्हाधिकारी कचेरीत आहे का ते विचारा, नसल्यास नोंद घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा. दुसरा मार्ग मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारापुढे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्याकडे फाटकाला कुलूप लागलं तेव्हा हा नियम कोणालाच माहीत नव्हता, आणि सहा महिने "बोलून बघू" करण्यात गेले.

पाचवी पायरी: पुरावा असा ठेवा की तो बोलेल

मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळ छापणारं कॅमेरा ॲप टाका. एकाच जागेवरून, एकाच दिशेला, दर पंधरा दिवसांनी फोटो काढा. फोटोत हलणार नाही अशी एखादी खूण असू द्या, देऊळ, खडक, विजेचा खांब. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून गेली की तिच्यातली माहिती निघून जाते. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं बघायची सोय आहे. त्यात भरणी कधी पडली, बंगला कोणत्या दोन वर्षांच्या मध्ये उगवला हे स्वच्छ दिसतं. ती चित्रं तारखेसह छापून घ्या.

आणि जुने कागद शोधा. आमची वाट शेवटी कशावर मिळाली? ग्रामपंचायतीच्या जुन्या खर्चाच्या वहीत त्या वाटेवर दोन गाड्या खडी टाकल्याची नोंद सापडली, खाली सरपंचांची सही. पंचायत खासगी जागेवर खडी कशाला टाकेल? त्या एका ओळीने सुनावणीचा रंग बदलला. जोडीला विसर्जनाच्या मिरवणुकीचे पिवळे पडलेले तीन फोटो आणि नव्वदीच्या घरातल्या एका आजोबांचं प्रतिज्ञापत्र. तुमच्याकडेही शाळेच्या सहलीचे, लग्नाच्या वरातीचे, शिमग्याच्या पालखीचे फोटो असतील. म्हाताऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं मात्र लवकर करून घ्या. आम्ही ज्या चौघांची नावं लिहिली होती, त्यातले दोघं तारीख लागायच्या आधी गेले.

सहावी पायरी: माहिती अधिकार

माहिती अधिकार अधिनियम २००५ खालचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून थोडक्यात आणि नेमकं मागा. "का परवानगी दिली?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. उदाहरणार्थ:

"मौजे अमुक, गट क्रमांक अमुक येथील बांधकामास दिलेली बिनशेती परवानगी, सीआरझेड मंजुरी व बांधकाम परवानगी यांच्या, त्यासोबतच्या अटी व मंजूर नकाशांसह प्रती मिळाव्यात. अशी परवानगी दिलेली नसल्यास तसे लेखी कळवावे."

शेवटची ओळ विसरू नका. "अभिलेखावर आढळून येत नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं तर तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा. उत्तराला ३० दिवसांची मुदत. न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. प्रत मागण्यापेक्षा फाइल बघायला मागितली तर पुष्कळदा जास्त हाती लागतं, कारण टिपणीच्या कागदांवर कोणी काय शेरा मारला ते दिसतं.

सातवी पायरी: तक्रार कोणाकडे

प्रत्येक कचेरी "हे आमच्याकडे येत नाही" म्हणेल. त्यामुळे कोणाकडे काय हे आधी कळलेलं बरं.

सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण: तहसीलदार आणि जिल्हाधिकारी, महसूल संहिता कलम ५०. इथे एक धोका ओळखा. कलम ५१ खाली अतिक्रमण नियमानुकूल करण्याचीही तरतूद आहे. म्हणून अर्जातच लिहा की ही जागा सार्वजनिक वापराची आहे आणि नियमानुकूल करण्यास गावाची हरकत आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात सगळ्या राज्यांना गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश दिले, त्याचाही उल्लेख करा.

सीआरझेडचा भंग: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती आणि मुंबईतलं राज्य प्राधिकरण. जिल्हा समितीवर किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे, मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत, बैठक शेवटची कधी झाली, हे विचारा. आपल्यातलं माणूस त्या समितीवर असणं फार मोलाचं आहे.

कांदळवन: वन विभागाचा कांदळवन कक्ष, तातडीने कळवायला वन विभागाचा १९२६ क्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनं तोडण्यावर बंदी कायम केली आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात भरणी, राडारोडा, बांधकाम यांना मनाई केली. खासगी मालक म्हणतो "माझ्या जागेतली झाडं आहेत", त्याला हे उत्तर.

विनापरवाना बांधकाम: शहरात महापालिका किंवा नगरपरिषद, गावात नियोजन प्राधिकरण म्हणून जिल्हाधिकारी, नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. केरळात मरडू इथे स्थानिक संस्थेच्या परवान्यावर, किनारा प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय उभ्या राहिलेल्या चार इमारत संकुलांना सर्वोच्च न्यायालयाने पाडायला लावलं, ती ११ आणि १२ जानेवारी २०२० ला पाडली गेली. त्यात राहणाऱ्या कुटुंबांचे हाल झाले. किनाऱ्यावर घर घेऊ पाहणाऱ्या आपल्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनाही हे सांगा.

अर्ज लहान ठेवा. साचा असा:

"विषय: मौजे अमुक, गट क्रमांक अमुकच्या समुद्राकडील बाजूस सुरू असलेली भरणी व कुंपण थांबवणेबाबत. महोदय, दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता आम्ही खाली सही करणाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले की, सदर गटाच्या हद्दीबाहेर सुमारे अमुक मीटर लांबीचे कुंपण घातले असून उधाणाचे पाणी त्याच्या आत येते. ही जागा गावाच्या मासळी वाळवण्याच्या वहिवाटीची आहे. स्थळपाहणी व पंचनामा अर्जदारांच्या उपस्थितीत करावा, तोपर्यंत काम थांबवावे, व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी. सोबत: फोटो, सातबारा, नकाशा."

दोन प्रती न्या, एकीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्या. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. "लाच खाल्ली", "हातमिळवणी आहे" असले शब्द अर्जात नकोत, त्याने मुद्दा बाजूला पडतो आणि तुमच्यावरच उलटतं. तारखांची एक वही ठेवा: अर्ज कधी दिला, कोण भेटलं, काय म्हणालं. ही वही पुढे वकिलाला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आठवी पायरी: योजनेच्या टप्प्यावर पोचा

खरं तर ही पहिली पायरी व्हायला हवी, पण लोक इथवर पोचतात ते संकट आल्यावरच.

विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना बदलायची तर जाहिरात द्यावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात असते. गावातल्या एका मुलाने किंवा मुलीने रोज दोन पेपर आणि राजपत्र बघायचं, एवढं एक काम ठरवून घ्या. "ना-विकास क्षेत्रातून वगळून" किंवा "हरित पट्ट्यातून निवासी" असे शब्द दिसले की मुदतीच्या आत हरकत द्या आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. शहरात नदी-तळ्याकाठच्या उद्यानाचं आरक्षण असेल तर त्यावर विशेष लक्ष ठेवा. दहा वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही तर मालक त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. कितीतरी मोकळ्या जागा अशाच गेल्या, कोणाला पत्ताही न लागता.

बंदर, जेटी, मोठे प्रकल्प यांना १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. किमान ३० दिवस आधी जाहिरात हवी, अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरीत आणि स्थानिक संस्थांकडे बघायला ठेवलेला हवा, त्याचा सारांश मराठीत हवा, सुनावणीचं चित्रीकरण व्हायला हवं. सुनावणीत घोषणा देऊन निघून येऊ नका. जो मुद्दा बोलाल तो लेखी द्या आणि इतिवृत्तात आला का ते तिथेच वाचून घ्या. पुढे न्यायालयात इतिवृत्त बघतात.

ग्रामसभेचा ठराव हा फार मोठा आधार आहे, पण तो नेमका हवा. "गावाचा विरोध आहे" एवढ्याने भागत नाही. गट नंबर, वाटेची रुंदी, कशासाठी वापर, केव्हापासून, हे सगळं ठरावात लिहा.

नववी पायरी: न्यायालय, आणि त्याची घड्याळं

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. पण न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज वाद प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. दिलेल्या मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर मुदत ३० दिवसांची. कचेऱ्यांच्या उत्तरांची वाट बघताना ही मुदत सरते, म्हणून पहिली तक्रार दिली त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख मांडा. उच्च न्यायालयात जनहित याचिकेचा मार्ग आहेच, त्यासाठी वकील मात्र असा बघा ज्याने सीआरझेडची कामं केली आहेत.

निकाल लागतो का, असं लोक विचारतात. लागतो. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा एका परागंदा हिरे व्यापाऱ्याचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी जिल्हा प्रशासनाने स्फोटकं लावून पाडला. त्यामागे उच्च न्यायालयातली जनहित याचिका होती. केरळात वेंबनाड सरोवरातल्या बेटावरचं रिसॉर्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाडलं गेलं. तिथल्या लढ्याची सुरुवात मच्छीमारांच्या जाळ्यांच्या जागांवरून झाली होती.

कोणाविरुद्ध लढायचं नाही

हे मला कळकळीने सांगायचं आहे. सीआरझेडचं पुस्तक हातात आलं की काही जण पहिली तक्रार कोळीवाड्यातल्या वाढवलेल्या पडवीविरुद्ध किंवा पुळणीवरच्या शहाळेवाल्याविरुद्ध करतात, कारण ते सोपं असतं. असं करू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याची झावळ्यांची खोप आणि भरतीरेषेवरची काँक्रीटची भिंत यांना एका मापाने मोजलं की गाव दुभंगतं, आणि दुभंगलेल्या गावाचा किनारा सर्वांत आधी जातो. किनाऱ्यावरच्या मूळ लोकांच्या घरांसाठी कायद्यातच वेगळा विचार आहे. त्यांना सोबत घ्या, त्यांच्या घरांची कागदपत्रं नीट करायला मदत करा.

ज्यांनी वाड्या विकल्या तेही आपलेच लोक असतात. मुलाचं शिक्षण, आजारपण, कर्ज, काहीतरी असतं. त्यांना नावं ठेवून काही हाती लागत नाही. उलट खरेदीखतात वाटेचा उल्लेख होता का, हे तेच सांगू शकतात. अजून विकलं नसेल त्यांना एवढंच सांगा: खरेदीखतात "समुद्राकडे जाणारी इतक्या फुटांची वहिवाटीची वाट कायम राहील" ही ओळ घालून घ्या.

आणि एकट्याने जाऊ नका. रात्री भरणी चालू असेल तर डंपरसमोर उभं राहू नका. लांबून चित्रीकरण करा, ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर टिपा. अर्जावर पाच-दहा सह्या असू द्या, त्यात बायकांच्या जरूर.

नदी-तळ्याकाठी राहणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे सीआरझेड नाही, पण पूररेषा आहे. जलसंपदा विभाग निळी आणि लाल रेषा आखतो: निळी साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. रेषा कोणत्या वर्षी आखली आणि नंतर बदलली का, हे माहिती अधिकारात मागा. पाणथळींसाठी २०१७ चे नियम आहेत, त्यातून मिठागरं, भातखाचरं, नदीचं पात्र, पिण्याच्या पाण्याचे आणि सिंचनाचे तलाव वगळलेले आहेत, त्यामुळे आपलं तळं कशात बसतं ते आधी तपासा. बाकी सातबारा, फोटो, ठराव, पोच हे सगळं सारखंच.

आदेश हातात आल्यावर

आदेश मिळाला म्हणजे काम झालं असं समजून आम्ही पेढे वाटले होते. फाटक त्यानंतर सात महिन्यांनी निघालं. आदेशाची प्रमाणित प्रत तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे या चौघांना पोच घेऊन द्या. दोन्ही बाजूंच्या गटांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत वाटेची नोंद करून घ्या, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ती दिसेल. भूमी अभिलेखकडून वाटेची मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या आणि दगडांचे फोटो काढून ठेवा. आमच्या वाटेवर असे सहा दगड आहेत. दर वर्षी गणपतीच्या आधी, खड्डे बुजवायला जाणारी पोरं ते मोजून येतात.